विनिपेगला पाठवलेले कागद

१२ जानेवारी, रविवार

एस्त्रेया आज दुपारच्या विमानाने आली. माझ्या नवऱ्याची, तेरियोची धाकटी बहीण. चौदा वर्षं झाली, कॅनडात विनिपेगला एका वृद्धाश्रमात काम करते. तेरियो गेला तेव्हा तिला सुट्टी मिळाली नव्हती, मातीला ती नव्हती. आता तीन वर्षांनी आली आहे, मार्चअखेरपर्यंत राहील.

तिने आणलेला खोका उघडताना माझी सव्वीस वर्षांची मुलगी जेसेल सात वर्षांची झाली. साबण, चॉकलेटं, डबाबंद मांस आणि एक जाडजूड कोट. कोट नेमका जेसेलच्या मापाचा. मी म्हटलं, "इलोइलोच्या उकाड्यात कोट घालून काय मासळी बाजारात जाणार का ही?" तर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मला हातापायांना लावायचं लोशन मिळालं. वास चांगला आहे. मी ते कपाटात मागे ठेवून दिलं.

झोपायला माझ्या खोलीत जागा आहे असं मी म्हणत होते, पण जेसेलने आधीच स्वतःच्या पलंगावर धुतलेली चादर घातली होती. आता भिंतीपलीकडे दोघींची कुजबुज चालू आहे.

१५ जानेवारी, बुधवार

कोटाचं कोडं सुटलं. एस्त्रेयाच्या वृद्धाश्रमात जागा निघाली आहे आणि जेसेलने अर्ज करायचा असं त्यांचं फोनवर नोव्हेंबरातच ठरलं होतं. मला आज न्याहारीला सांगितलं, पाव कॉफीत बुडवत असताना. फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत कागद पोचायला हवेत.

मी चिडले नाही. कागद म्हणजे माझा धंदा. माझं शिक्षण सहावीपर्यंत, पण तेरियोने हे झेरॉक्सचं दुकान काढलं तेव्हापासून तीस वर्षं मी लोकांचे नोकरीचे अर्ज लिहिते आहे. लिहिता लिहिताच वाचायला शिकले, शब्दकोश उशाशी घेऊन. अकरा देशांचे कागद मी बनवले आहेत. स्वतः मात्र होडीने गिमारास बेटापलीकडे गेलेली नाही.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा जेसेलचा बायोडाटा करून टाकला. वर कोपऱ्यात पांढऱ्या ब्लाउजमधला फोटो, पाठीमागे पांढरा पडदा. वय, उंची, वजन, धर्म, अविवाहित. वडिलांचं नाव एलेउतेरियो नोब्लेझा, दिवंगत. आईचं नाव लिओनिला नोब्लेझा, स्वतःचं दुकान. कोणत्या भाषा बोलते. गरज पडल्यास कुणाला कळवावे, तिथे मी. दोन पानं, एकही रकाना मोकळा नाही.

एस्त्रेयाने तो हातात घेतला आणि खुर्चीवर बसून हसायला लागली.

"मानांग, हे नोकरीसाठी आहे की स्थळासाठी?"

माझ्या नवऱ्याची बहीण म्हणून ती मला मानांग म्हणते, म्हणजे मोठी बहीण. म्हणताना आदर असतो. हसतानाही.

"यात काय कमी आहे ते सांग," मी म्हटलं.

"कमी काही नाही, जास्तच आहे. तिकडे फोटो चालत नाही. वय नाही, लग्न नाही, धर्म नाही."

"मग माणूस कोण आहे हे त्यांना कळणार कसं?"

"काय काम येतं ते कळतं ना."

"आणि आईबाप?"

"आईबापांना कुठे नोकरी द्यायची आहे त्यांना!"

जेसेलही हसली. मी तिच्याकडे पाहिल्यावर गप्प झाली, पण हसली हे खरं.

मग एस्त्रेयाने माझीच लाल पेन्सिल घेतली आणि माझ्या दुकानात, माझ्या टेबलावर एकेक ओळ खोडत गेली. तेरियोच्या नावावरून पेन्सिल फिरली तेव्हा तिचा हात जरा थांबला. पण खोडलं तिने.

२१ जानेवारी, मंगळवार

जपानला जाणारा एक गृहस्थ आला होता. जपानचा अर्ज मला आवडतो. हाताने लिहावा लागतो, चूक झाली की पूर्ण पान पुन्हा. घरापासून जवळचं रेल्वे स्टेशन कोणतं असाही रकाना त्यात आहे. तो म्हणाला, "मानांग, काय लिहू? आमच्या बेटावरची गाडी मी लहान असतानाच बंद झाली."

मी म्हटलं, "जुन्या स्टेशनचं नाव लिहा आणि चालत वीस मिनिटं लिहा. त्यांना रकाना भरलेला हवा असतो."

त्याच्यामागे जर्मनीला निघालेली एक परिचारिका. जर्मन लोकांना शेवटी सही आणि तारीख लागते आणि प्रत्येक महिन्याचा हिशेब लागतो. तिची मधली दोन वर्षं रिकामी होती. विचारलं तर म्हणाली, आई अंथरुणाला खिळली होती. "घरातील रुग्णाची सेवा" असं आम्ही लिहिलं. तेवढ्या तीन शब्दांनी दोन वर्षं भरून निघाली. ती गेल्यावर मी बसून विचार केला, माझा असा कागद कुणी मागितला तर या तीन वर्षांसमोर मी काय लिहीन? दुकान उघडलं, दुकान बंद केलं.

माझ्याकडे येणारे सगळे देश माणसाविषयी काहीतरी विचारतात. एस्त्रेयाचा देश तेवढा विचारत नाही, आणि तो म्हणे सगळ्यांत चांगला.

२६ जानेवारी, रविवार

दिनाग्यांगची मिरवणूक. सकाळपासून ढोल. दोघी बघायला गेल्या. मला चल म्हणाल्या, पण आज फोटोच्या प्रती काढायला गर्दी असते, मी दुकान उघडं ठेवलं. तीन गिऱ्हाइकं आली.

संध्याकाळी तोंडाला काजळी फासून परत आल्या. बातचोय सूपचे वाडगे समोर घेऊन बसल्या आणि एस्त्रेया सांगत होती, तेरियो नऊ वर्षांचा असताना मिरवणुकीतल्या योद्ध्यांसारखं दिसायचं म्हणून त्याने चुलीतली काजळी अंगभर फासली, ती निघेना, मग तसाच शाळेत गेला आणि बाईंनी त्याला दाराबाहेर उभा केला. जेसेल डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

एकतीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्याने मला सांगितली नव्हती. एस्त्रेयापाशी त्याची माझ्याआधीची तेवीस वर्षं आहेत. ती हवी तेव्हा एकेक काढून वाढते आणि माझी मुलगी दोन्ही हातांनी घेते.

नंतर मला एकटीला गाठून तिने विचारलं, "मानांग, शेवटी शेवटी तो कुठल्या कुशीवर झोपायचा?"

मी म्हटलं, "डाव्या."

"बोलता येत होतं?"

"थोडं."

"माझं नाव घेतलं कधी?"

काय तो चौकसपणा! मी म्हटलं, आठवत नाही. आठवत होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

अर्जासोबत एक पत्र लागतं. त्यात स्वतःची स्तुती स्वतःच करायची. आमच्या बायोडाट्यात माणूस रकान्यात बसतो आणि गप्प राहतो, दुसऱ्याने काय ते ठरवावं. जेसेल इथल्या रुग्णालयात कामाला आहे, तरी तिला ते पत्र जमेना. तिने लिहिलं होतं, "मी वॉर्डात थोडीफार मदत करते."

पडद्याआडून ऐकलेलं लिहिते. जेसेल आत्याला तिया म्हणते, मला नानाय.

"थोडीफार? अगं, रात्रपाळीला अठरा रोगी कोण सांभाळतं?"

"मी. पण मुख्य सिस्टर असतेच की."

"ती झोपते असं तूच सांगितलंस! लिही, मी अठरा रोग्यांची जबाबदारी सांभाळते."

"तिया, लाज वाटते गं."

"तिकडे लाजलीस तर त्यांना वाटतं, हिला काही येत नाही. म्हण. मोठ्याने म्हण."

"मी जबाबदारी सांभाळते."

"आणखी."

"मी धीट आहे. मी घाबरत नाही."

माझ्या मुलीच्या तोंडून असलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. छान म्हटलं तिने. माझ्यासमोर ती असं कधीच का म्हणाली नाही, याचा विचार करत मी एकच पान चार वेळा छापलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र तयार होऊन छापायला माझ्याकडे आलं. छापताना वाचलं. वाचू नये असं कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या परिच्छेदात आहे: "अर्धांगवायू झालेल्या एका प्रौढ पुरुषाची मी आठ महिने घरी संपूर्ण शुश्रूषा केली."

एक प्रौढ पुरुष.

तो तेरियो होता. त्याच्यासाठीच जेसेलने परिचारिकेचं शिक्षण तिसऱ्या वर्षात सोडलं आणि पुढे सहा महिन्यांच्या काळजीवाहू अभ्यासक्रमावर समाधान मानलं. दर दोन तासांनी त्याला कूस बदलून द्यायचो. ती कमरेला धरायची आणि मी खांद्याला. त्याचं वजन कमी होत गेलं तरी खांदा जडच लागायचा. पत्रात त्याचं नाव नाही, तो तिचा बाप होता हे नाही. आणि दुसऱ्या बाजूला कुणी होतं हेही नाही.

मी जेसेलला विचारलं, "हे असं का लिहिलंस?"

ती म्हणाली, "तिया म्हणाली, घरचं आहे असं लिहिलं की ते कामात धरत नाहीत. नानाय, मला माहीत आहे ना कोण होता तो."

बरोबर आहे. पण शिकवलं कुणी ते मला माहीत आहे. आधी मुलीला घेतलं, आता नवराही माझ्याकडून काढून घेतला आणि त्याला कुणीही करून टाकलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

जेसेल आज सलग दोन पाळ्यांना गेली. रुग्णालयाचा अनुभवाचा दाखला तिची मैत्रीण दुपारी आणून देणार होती. तो आला की स्कॅन करायचा आणि सगळं दुकानाच्या ईमेलवरून पाठवायचं. जाताना तिने तीन बोटं दाखवून सांगितलं, "तीन फाइली, नानाय. रेझ्युमे, पत्र, दाखला. तीनच."

एस्त्रेया गावी मावशीला भेटायला गेली होती.

मी चार पाठवल्या.

चौथा माझा बायोडाटा. दोन पानी, फोटोसकट, वडील दिवंगत, आई लिओनिला. वाईट हेतूने केलं नाही. तीस वर्षांचा माझा अनुभव आहे, अपुरा कागद परत येतो, जास्तीचा कधी येत नाही. नको असेल तर त्यांनी वाचू नये. पण उघडून बघितलं तर कळेल की मुलगी दिसायला कशी आहे आणि कुणाची आहे.

संध्याकाळी जेसेलने विचारलं, "गेलं?"

"गेलं," मी म्हटलं.

तिने मागून येऊन माझ्या डोक्यावर हनुवटी टेकली. खूप दिवसांनी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उत्तर नाही. एस्त्रेया म्हणते आठवड्यात यायला हवं होतं.

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. तिघी चर्चला जाऊन कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आलो. अजून उत्तर नाही. जेसेलने विचारणं सोडलं आहे. जेवताना म्हणाली, "मला वाटतं मी त्या लायकीची नाही. पत्रात फार मोठं मोठं लिहिलं. त्यांनी ओळखलं असेल."

एस्त्रेया म्हणाली, "काहीतरी गडबड आहे. आमच्या वृद्धाश्रमाच्या बाईंनी स्वतः मला सांगितलं होतं, भाचीला अर्ज करू दे म्हणून."

"सगळेच असं म्हणतात, तिया."

अलीकडे जेसेल एस्त्रेयाच्या खोलीत, म्हणजे स्वतःच्याच खोलीत, फार बसत नाही. दुकानात माझ्याजवळ येऊन बसते, पानं जुळवून देते, पिना मारते. काल माझ्याबरोबर बाजारात आली आणि टोपली तिने धरली. मला बरं वाटलं. इथे कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहिते. खूप बरं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

उत्तर आलं. मी पाठवलं होतं त्या दुकानाच्या ईमेलवर आलं, म्हणून फक्त मी वाचलं.

शब्दकोश घेऊन पाच वेळा वाचलं. म्हणतात, तुमच्या अर्जासोबत छायाचित्र, वय, धर्म, वैवाहिक स्थिती आणि कुटुंबाची माहिती आली आहे. निवड करणाऱ्यांच्या नजरेला अशी माहिती पडू नये असा आमचा नियम आहे, कारण नंतर कुणी म्हणू नये की चेहरा किंवा धर्म बघून निवडलं. म्हणून पूर्ण अर्ज बाजूला काढून ठेवला आहे. इच्छा असल्यास ती माहिती वगळून एकवीस मार्चपर्यंत पुन्हा पाठवावा.

म्हणजे एस्त्रेया खरं सांगत होती. मला वाटत होतं, ती आम्हाला कागदावरून मुद्दाम पुसते आहे.

नऊ दिवस आहेत. उद्या सांगेन.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं नाही. सकाळी सांगणार होते. जेसेल एस्त्रेयाचे केस रंगवत बसली होती, दोघींच्या हसण्याचा आवाज आला, आणि मी परत खाली आले.

एस्त्रेया तीस तारखेला जाणार. एकटी गेली तर जाऊ दे. तिला दुसरी कुणीतरी मिळेल. मला दुसरी नाही.

१७ मार्च, सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

अकराच्या सुमाराला जेसेल दुकानात आली. गिऱ्हाइकांसारखी पुढच्या दाराने. पांढरा ब्लाउज, काळी पँट, केस घट्ट बांधलेले. हातात एका एजन्सीचा फॉर्म.

म्हणाली, "नानाय, एक फोटो काढ. पूर्ण उंचीचा. डोक्यापासून पायापर्यंत."

पूर्ण उंचीचा फोटो कोण मागतं ते मला विचारायला नको. रियाधला घरकामाला जाणाऱ्या मुली रोज येतात. समोरून एक, हात सरळ बाजूला, किंचित हसायचं, दात दिसायला नकोत.

मी फॉर्म घेतला. उंची. वजन. धर्म. अविवाहित. वडिलांचं नाव, दिवंगत. आईचं नाव. आईचा व्यवसाय. भावंडं किती. गरज पडल्यास कुणाला कळवावे. लहान मुलं सांभाळाल का, स्वयंपाक कराल का, गाडी धुवाल का. सुट्टीच्या दिवशी घरातच राहाल का. सगळ्यांपुढे तिने हो लिहिलं होतं. माझं नाव तिने नीट, एकेक अक्षर सुटं करून लिहिलं होतं.

"तू आजाऱ्यांचं काम शिकलीस ना?" मी म्हटलं.

"शिकले. पण तिकडे कुणाला नको आहे ते. हे लोक दोन आठवड्यांत नेतात. बोलत नाहीत फार. फोटो बघतात आणि निवडतात." मग हसून म्हणाली, "बघ, तुला आवडेल हा कागद. तुझं नाव दोनदा आहे."

ती पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. पाय जुळवले, हात बाजूला, हनुवटी जरा खाली. मी रोज इतर मुलींना उभं करते तशीच. आणि मी रोज म्हणते तसंच माझ्या तोंडून निघालं, "थोडं हस."

ती हसली. दात न दाखवता.

मी कॅमेऱ्यातून बघत राहिले. पायापासून डोक्यापर्यंत माझी मुलगी, कुणीतरी कुठेतरी सोफ्यावर बसून बघणार तशी. तीस वर्षं मी हे फोटो काढते आहे. त्या मुलींच्याही आया होत्या.

"नानाय, बोट अडकलं का?"

मी कॅमेरा खाली ठेवला आणि सांगितलं. चार फाइली. बुधवारचं उत्तर. सगळं.

ती पडद्यासमोरच उभी होती. हातसुद्धा बाजूला तसेच.

"तुला माहीत होतं? पाच दिवस?"

"हो."

"आणि चौथी फाइल तू पाठवलीस हे तर त्याच्याही आधीपासून माहीत होतं."

"हो."

"मी पाच आठवडे म्हणत होते की मी कुठल्या लायकीची नाही. आणि तू माझ्यासमोर बसून मासे निवडत होतीस."

मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"का?"

मी म्हटलं, "त्यात आम्ही दोघंही नव्हतो."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. मग ती संगणकापाशी बसली आणि म्हणाली, "बाहेर थांब."

मी माझ्याच दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. एक बाई झेरॉक्सला आली, तिला म्हटलं, मशीन बंद आहे. आतून की-बोर्डचा आवाज येत होता. मोजून तीन फाइली गेल्या असणार.

१९ मार्च, बुधवार

जेसेल माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तर उठून स्वतः घेते.

एस्त्रेया स्वयंपाकघरात आली. मी भांडायची तयारी करून बसले होते. ती ओट्याला टेकून म्हणाली, "मला वाटलं मीच काही चुकीचं शिकवलं. मी आमच्या बाईंना तीन पत्रं लिहिली माफीची."

"माझं चुकलं."

"चुकलंच. मला राग आलाय, मानांग. पण आज बोलत नाही, आज बोलले तर वाईट बोलेन. उद्या बोलते."

"उद्या किती वाजता?"

तिला हसू आलं. ते तिला आवडलं नाही, ती निघून गेली.

२० मार्च, गुरुवार

बोलली. सगळं लिहीत नाही. एक वाक्य राहिलं आहे: "तुम्हाला वाटतं मी तुमचं काही घ्यायला आले. तुम्ही त्याला आठ महिने हात लावत होतात. माझा हात फोनला होता."

 मग मी तिला सांगितलं की त्याने तिचं नाव घेतलं होतं. दोनदा, सकाळच्या वेळी. दुसऱ्यांदा मला एस्त्रेया समजून. तिने ते दोन्ही वेळचं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. सांगून झाल्यावर मला मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. माझ्याजवळचं होतं, ते आता तिच्याकडेही आहे.

२८ मार्च, शुक्रवार

मुलाखतीला बोलावलं. तिकडची सकाळ, आपली रात्र, म्हणून उद्या दुकान लवकर बंद करून तिथूनच बोलायचं. पत्र आल्यावर जेसेल किंचाळली आणि आधी एस्त्रेयाच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे आली, जराशी थांबली, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. जशी शेजारणीला मारतात.

३० मार्च, रविवार

एस्त्रेया गेली. दारात म्हणाली, "मानांग, त्याचा एखादा फोटो द्याल? माझ्याकडचे सगळे लहानपणीचे आहेत."

मी दोन दिले. एकात मीही आहे. म्हटलं, "कापू नकोस."

"तिकडे फोटो कुणी बघत नाही हो," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

११ एप्रिल, शुक्रवार

जेसेलला नोकरी मिळाली. परवान्याला सहा-सात महिने लागतील. मी आनंदाने चिकट तांदळाचं बिको केलं, गुळाचा पाक बरोबर उतरला. ती दोन वड्या खाऊन म्हणाली, "गोड झालंय." एवढंच. पण बसली तिथेच, उठून गेली नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आज तिने स्वतःहून विचारलं, "नानाय, मी गेल्यावर तू काय करशील?" मी म्हटलं, दुकान. ती म्हणाली, "रियाधचे फोटो काढणार?" मी म्हटलं, काढीन, त्यांनाही जायचं असतं. पण हल्ली मी मुलींना फॉर्म वाचून दाखवते, एकेक ओळ. हो लिहिण्याआधी काय विचारलं आहे ते सांगते. दोन मुली फॉर्म न भरताच परत गेल्या. एजन्सीचा माणूस माझ्यावर चिडून आहे.

जेसेल म्हणाली, "बरं करतेस." आणि माझ्या ताटातला मासा तिने काटे काढून दिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेली. विमानतळावर ती मागे वळून बघेल म्हणून मी काचेपाशी उभी होते. बघितलं तिने.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी जेसेलचा फोन आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती, बाहेर गुडघाभर बर्फ. एस्त्रेया दुसऱ्या मजल्यावर कामाला असते, जेवायला दोघी एकत्र. ते मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

मग म्हणाली, तिच्याकडे एक म्हातारी आहे, एक्क्याण्णव वर्षांची. मुलं दूर, कुणी येत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाही, जेसेलचीच वाट बघते. जेसेल तिचे केस विंचरते, नखं कापते, गाल पुसते. झोपवताना ती जेसेलचा हात धरून ठेवते आणि सोडत नाही, कधी कधी अर्धा तास.

"अर्धा तास?" मी म्हटलं.

"हो. मी बसते मग. घाई कुठे असते?"

मी विचारलं, भरवतेस कसं? ती म्हणाली, चमच्याने, मऊ करून. मी म्हटलं, घास जिभेच्या मधे ठेवू नकोस, जरा बाजूला ठेव, आणि तिने गिळलं का म्हणून गळ्याकडे बघ, मगच दुसरा दे. सूप आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघ.

"माहीत आहे, नानाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण सांग. आणखी सांग."

मी सांगत राहिले. उशी कशी लावायची, पाठीला तेल कुठे जास्त लागतं. पाऊण तास झाला. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. एस्त्रेयाचं आता काही वाटत नाही. त्या म्हातारीचा मात्र मला इतका हेवा वाटला की दुकान उघडायला अकरा वाजले.